धुराची तक्रार

माझा जुना मित्र दिगू गेल्याचं त्याच्या बायकोनं, शालूवहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी अमरावतीत घरी मेथी निवडत होतो. तशीच टाकून अकोल्याला पोचलो, तर त्याच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ जिन्यात विचारत होते, "कोण वारलं?" मला तेव्हा आलेला राग महिना झाला तरी उतरलेला नाही.

दिगू बाळापूरकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. निवृत्तीनंतर मुलानं अकोल्यात फ्लॅट घेऊन दिला आणि मुलगा स्वतः पुण्याला राहिला. नव्या इमारतीत कुणी कुणाला ओळखेना. मग दिगूनं बाल्कनीत शेगडी मांडली. पावसाळाभर दर रविवारी गावाकडून कणसं आणायची. सोलताना पाला तोडायचा नाही, मागे वळवून त्याचीच मूठ करायची, निखाऱ्यावर सावकाश फिरवायचं, लिंबू-तिखट-मीठ चोळायचं, पुन्हा पाला ओढून गरमागरम दारोदार नेऊन द्यायचं.

"एवढी दगदग काहून करून राहिला बे?" मी एकदा विचारलं.

"अबे, रिकाम्या हातानं बेल वाजवली का लोकं दार अर्धंच उघडतात. भुट्टा असला का 'या ना' म्हनतात."

तेवढंच हवं होतं त्याला... कुणीतरी 'या ना' म्हणावं.

मग इमारतीला नवा रंग लागला आणि धुराची तक्रार झाली. ज्यांच्या दातांत त्याच्या कणसाची सालं अडकली होती, त्यांच्याही सह्या होत्या. दिगू भांडला नाही. एकदा गॅसवर भाजून एक कणीस समोरच्या गृहस्थांकडे घेऊन गेला. "आम्ही आता बाहेरचं खात नाही," असं त्यांनी दारातूनच सांगितलं. त्यानंतर तो कुणाच्या दारी गेला नाही, आणि त्याच्या दारी तर कुणी कधी येतच नव्हतं.

परवा सोसायटीनं शोकसभा घेतली. जो तो कणसांवर बोलला. सेक्रेटरी म्हणाले, "दरवर्षी काकांच्या नावानं गच्चीवर भुट्टा पार्टी ठेवू." चक्क टाळ्या पडल्या! मी तोंड उघडणार, तोच वहिनी उठल्या.

"ठेवा ना, भाऊ. पन धूर आमच्याकडं येऊ देऊ नका. मले आता सहन होत नाही."

माना खाली गेल्या. आम्ही दोघं वर आलो. बाल्कनीत खुर्च्या अजून दोनच आहेत, एक त्याची आणि एक येणाऱ्यासाठी. त्या दुसरीवर माझ्याशिवाय कुणी बसल्याचं वहिनींना आठवत नाही.