जेवायला गेलो, तपास करून आलो

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी गुन्ह्याच्या आधी जेवण आठवते. जपानमधल्या कावासाकी शहरात एका मराठी कुटुंबाने मला आग्रहाने जेवू घातले होते. नोकरीत लोकांच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या, त्यांचे काही वाटले नाही. त्या जेवणाची मात्र लाज वाटते.

जपानातल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षे झाली असतील. मी एका तालुक्याच्या गावी पोलीस निरीक्षक होतो. एके दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, बाईचा आवाज. "शिशुगृहातून जपानला गेलेली मुलगी टाकलेली नव्हती, साहेब. आईनं सांभाळायला ठेवली होती." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन जुनी कागदपत्रे काढली. मुलगी एसटी स्टँडवर सापडली, नाळही वाळलेली नव्हती, असे त्यात होते. पालकांचा शोध लागत नाही हा अहवाल आमच्याच ठाण्याचा. असे अहवाल कसे होतात ते पोलिसाला कोणी सांगायला नको. मागच्या अहवालातला मजकूर उचलायचा, तपशील बदलायचा, वर्तमानपत्रात फोटो द्यायचा आणि सही करायची. त्याच अहवालावर बाल कल्याण समितीने मुलीला दत्तकासाठी मोकळी ठरवले होते.

दत्तक घेणारे जोडपे मूळचे पुण्याचे, नवरा कावासाकीत सॉफ्टवेअरच्या कामावर. त्यांचा जबाब घ्यायचा तर पत्र गृहखात्यातून दिल्लीला, तिथून दूतावासाकडे जाणार. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यात हा परदेश! योगायोगाने माझा मुलगा कावासाकीतच नोकरीला होता आणि मी रजेवर त्याच्याकडे निघालो होतो. वरिष्ठ म्हणाले, "जातच आहात तर बघून या. अधिकृत काही नको." मलाही ते सोयीचे वाटले.

तिथल्या मराठी मंडळींचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये असे. कोणाचे आईवडील भारतातून आले की बाकीच्यांनी त्यांना घरी जेवायला बोलवायचे, ही त्यांची रीत. तिथे भेटलेल्या त्या जोडप्याने आपण होऊनच बोलावले. "काका, रविवारी याच. आमच्या घरी मोठं माणूस कुठं येतं?" मी सरकारी नोकरीत आहे, एवढेच त्यांना सांगितले.

मुलाला खरे कारण कळले तेव्हा तो भडकला. "बाबा, ही आमची रोजची माणसं आहेत. कोण आहात ते निदान सांगा तरी त्यांना!"

"सांगितलं तर तोंड उघडणार नाहीत," मी म्हणालो. तो माझ्याबरोबर आला नाही.

मसालेभात, बटाट्याची भाजी आणि दही टांगून घरी केलेले श्रीखंड. बाई वाढत होत्या आणि मी न विचारताच बोलत होत्या. "हिला आणण्यात तीन वर्षं गेली, काका. जपान त्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. मग ना-हरकत कोणी द्यायची यावर फाईल नुसती फिरत राहिली. आम्ही सुट्टीत जाऊन तिला भेटायचो आणि रडती ठेवून परत यायचो."

नवरा म्हणाला, "भूकंपानंतर ऑफिसातले बरेच जण भारतात परतले. आम्हाला जाता येईना. फाईलवर इथला पत्ता होता. पत्ता बदलला की सगळं पहिल्यापासून."

तेवढ्यात घर हलले. धक्का लहान होता, पण चार-साडेचार वर्षांच्या त्या मुलीने चटकन माझा हात धरून मला टेबलाखाली ओढले. "ओजीचान, हायाकु!"

"आजोबा, लवकर म्हणतेय. पाळणाघरात शिकवलंय त्यांना," बाई टेबलापलीकडून म्हणाल्या.

मुलीने खुर्चीवरची उशी माझ्या डोक्यावर धरली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला आणि मला तिचे कान दिसले. दोन्ही टोचलेले होते, त्यांत नायलॉनचा बारीक दोरा होता.

पुन्हा ताटावर बसल्यावर मी सहज विचारल्यासारखे विचारले, "कान इथंच टोचले का?"

"छे हो, इथं लहान मुलींचे कोण टोचतं? संस्थेनं पाठवलेल्या पहिल्या फोटोतही टोचलेलेच होते. पाळणाघरात कानातलं चालत नाही, म्हणून मी दोरा घालते. बुजायला नकोत ना."

मला हवे ते मिळाले होते. मी आणखी श्रीखंड मागून घेतले.

गावी परतल्यावर शिशुगृहाच्या अधीक्षिकेला पाळण्यांमधून फिरवले. त्या मुलीचे कान संस्थेनेच टोचले, असे ती ठासून सांगत होती. "मग या बाकीच्यांचे?" मी विचारले. एकाही बाळाचा कान टोचलेला नव्हता. आमच्या भागात बारशाच्या दिवशी सोनार घरी बोलावतात. म्हणजे या पोरीचे बारसे झाले होते, तिला नाव होते, घर होते.

"नाळ न वाळलेल्या पोरीचे कान कोणत्या सोनारानं टोचले, बाई?"

ती म्हणाली, "चांगल्या घरी गेली की, साहेब. आईकडे काय होतं?" पुढचे सगळे मग आपोआप बाहेर आले, आईचा पत्ताही.

आई नवऱ्याने सोडलेली. पुण्यात एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळायचे काम मिळाले, तिथे बाळ चालत नव्हते. म्हणून पाच महिन्यांची पोर तिने संस्थेत ठेवली. पैसे जमवून न्यायला आली तेव्हा 'ती गेली परदेशात' असे सांगून तिला फाटकातूनच परत पाठवले. पोर त्या वेळी वरच्या मजल्यावर होती, ना-हरकतीची वाट बघत. फाईल अडली म्हणून पोर परत मिळवायला आईला जवळजवळ तीन वर्षे मिळाली होती. त्या काळात ती आमच्या ठाण्यातही येऊन गेली. तिला 'संस्थेत विचारा' असे सांगण्यात आले. हे तिच्या जबाबात लिहून घेताना माझ्या अंगावरचा गणवेश मला नकोसा झाला.

मुलगी परत हवी का, असे मी तिला विचारले. तिने उलट मलाच विचारले, "ती तिथं कुणाला आई म्हणते का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग नका उपटू तिला. फक्त एवढं सांगा तिला, की मी टाकली नव्हती."

हे सांगणे त्या जोडप्याच्या हातात होते. मी कावासाकीला फोन केला, या वेळी हुद्द्यासकट नाव सांगितले आणि सगळी हकिकत सांगितली. मग बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होता की चौकशीला?"

मुलीला माझ्याकडून आणि माझ्या निरोपाकडून धोका आहे, असेच त्यांना वाटले असणार, आणि तसे वाटायला मीच कारण दिले होते. नंतर त्यांनी फोन उचलला नाही. काही महिन्यांनी ते ओसाकाला गेले आणि नवा पत्ता तिथल्या मराठी मंडळींत कोणालाच दिला नाही. माझ्या मुलालाही मग कोणी जेवायला बोलावीनासे झाले.

आरोपपत्र दाखल झाले. अधीक्षिका जामिनावर सुटली, खटला चालूच आहे. खात्यात माझे कौतुक झाले. पण सरकारी विलंबाला कंटाळून मी जी आडवाट धरली, तिने त्या आईचा निरोप कायमचा अडवला. दारातच ओळख सांगितली असती तर ते घाबरले असते, कदाचित जेवायलाही वाढले नसते, पण पुढे माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता. माणसाला बोलते करणे आम्हाला शिकवतात. ज्याच्याशी उद्या पुन्हा बोलावे लागणार आहे, त्याच्याशी कसे वागावे हे मी निवृत्त होता होता शिकलो.

ती आई अजूनही सुट्टीच्या दिवशी मला फोन करते. "साहेब, बोलले का ते?"

"अजून नाही," मी सांगतो.

"असू द्या," ती माझीच समजूत घालते, "मला थांबायची सवय आहे."