मोठ्याने बोला, बाई

मी गाडी शिकवतो. माझ्याकडे नियम एकच: चालवणाऱ्याने गप्प बसायचं नाही. समोर जे दिसतंय आणि त्यातून जे घडू शकतं, ते मोठ्याने बोलायचं. ‘चेंडू आला, मागून पोर येईल.’ ‘रिक्षा थांबली, कुणीतरी भलत्याच बाजूने उतरेल.’ क्लच आणि गिअर कुणालाही जमतात, बघायला मात्र शिकवावं लागतं. किहीमला माझी गाडी दिसली की लोक म्हणतात, रेडिओ आला.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. लायसन्स होतं, धीर नव्हता. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हापासून गाडी अंगणात झाकून ठेवलेली. आता लेक बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घरी यायची होती, बोटीने मांडव्याला. नातीला स्वतः आणायचं, हा बाईंचा हट्ट. नवऱ्याने, म्हणजे साहेबांनी, परस्पर रिक्षा ठरवून टाकलेली.

लेक यायच्या आदल्या दिवशी तह झाला: आज एक चाचणी फेरी मारायची. साहेब मागे बसणार, मी बाईंच्या शेजारी. वाटेत साहेबांना एकदा जरी ओरडावं लागलं, तर रिक्षा.

“ब्रेक! अगं, ब्रेक!”

“अहो, मी अजून चावीसुद्धा फिरवली नाही.”

“हे धरायचं नाही,” मी पंचाच्या थाटात निकाल दिला.

गाडी त्यांची, त्यामुळे शिकवायच्या गाडीसारखा माझ्या पायाशी ब्रेक नव्हता. हाताशी हँडब्रेक आणि ओठांवर देवाचं नाव.

बाई हजेरी घेतल्यासारख्या बोलू लागल्या. “म्हैस. मान वळवतेय, आडवी येईल. स्कूटरवर मुलगी, कानाशी फोन. तो पर्यटक समुद्रावरून येतोय, इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडणार.” तो तसाच ओलांडून गेला. बाईंनी गाडी आधीच हळू केली होती. मी आरशात पाहिलं, तर साहेबांनी तोंडावर रुमाल दाबून धरलेला!

पुढे नारळीच्या बागांमधला अरुंद रस्ता लागला. समोर चिटपाखरू नाही. मी मनातल्या मनात बाईंना पास करून मोकळा झालो होतो, इतक्यात त्या म्हणाल्या, “चपला.” आणि गाडी थांबली.

साहेबांचा रुमाल सुटला. “चपलांसाठी काय थांबतेस? रस्ता मोकळा आहे! चल ना!”

“अहो, माडाच्या बुंध्याशी चपला आहेत. जवळ माणूस नाही.”

“मग?”

“मग तो वर असणार.”

“साहेब, तुम्ही ओरडलात, म्हणजे...” मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि धाडकन नारळांचा अख्खा घड आमच्या पुढ्यात रस्त्यावर आदळला. एक नारळ गडगडत आला आणि पुढच्या चाकाला टेकून थांबला.

झावळ्यांतून एक डोकं बाहेर आलं. “लागलं न्हाय ना कुनाला? गाडी दिसलीच न्हाय वरून!”

बाईंनी काच खाली केली आणि वर्गातला आवाज काढला. “खाली माणूस उभा करायला काय होतं रे?”

“हाय ना, बाई! चहा आनायला गेलाय!”

मी हसत सुटलो. जीव भांड्यात पडताना माझा असाच आवाज येतो. साहेब मात्र त्या फुटलेल्या नारळांकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन काढला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “उद्या नको येऊस रे. नाही, बोट वेळेवरच आहे. आमच्या घरात ड्रायव्हर आहे.”

बाईंनी ऐकलं नाहीसं दाखवलं. कान लाल झाले, ते लपवता आले नाहीत.

“मग उद्या मी किती वाजता येऊ?” मी विचारलं.

“तुम्ही कशाला?” बाई म्हणाल्या. “हे असणार, लेक, बाळ, शिवाय तिच्या बॅगा. मास्तर, तुम्हांला बसवू कुठे?”

इतक्या गोड शब्दांत मला कामावरून कुणी काढलं नव्हतं. मी तिथेच उतरलो आणि चालत घरी निघालो. चाल मात्र ऐटीत होती.