रेडिओतल्या लेकीचं सुतक

माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मला यंत्रं आवडतात. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही, असं म्हणणारे सगळे चटणी खाणारे असतात, वाटणारं त्यांत एकही नसतं. आणि गोष्टी ऐकून माणसं बिघडतात असं कुणी म्हणालं, की मला हसू आवरत नाही. गोष्टीमुळे मोडलेलं एक लग्न मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि आठवलं की अजून पोट धरून हसते.

रेवदंड्याला आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा गावात वीज नव्हती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो मुंबईहून बोटीतून मांडीवर घेऊन आणला. बॅटरी त्याच्याहून जड. एरियलची तार वाडीतल्या दोन पोफळींना बांधली. वारा सुटला की पोफळी डुलायच्या आणि त्यांच्याबरोबर बातम्याही डुलायच्या. मामंजी रेडिओ बातम्यांसाठी आणि बाजारभावांसाठी लावत. श्रुतिका लागली की म्हणत, "हा रिकामटेकड्यांचा उद्योग," आणि उठून वाडीत शिंपण बघायला जात.

सासूबाई मात्र रेडिओला घरातलंच माणूस समजत. त्यातून एखाद्या म्हाताऱ्याचा आवाज आला की डोक्यावर पदर घेत. बातम्या सांगणाऱ्या पुरुषासमोर वेणी घालायची नाही, असा दंडकच होता. मी नवी सून, मला हसायची चोरी. मी न्हाणीघरात जाऊन हसून यायची.

त्या थंडीत दर बुधवारी दुपारी एक कथा चालू होती. एक हुशार पोरगी, तिला शिकायचंय, आणि बाप तिला वयस्क बिजवराच्या गळ्यात बांधतो. आमची नेहमीची मासळीवाली कोळीण बुधवारी पाटी अंगणात ठेवून पायरीवर बसे, मांजरं पाटीभोवती बसत, आणि सासूबाई त्या पोरीला "माझी गुणाची लेक" म्हणत डोळे पुसत.

नेमकं त्याच वेळी आमच्या घरातही तेच चाललं होतं. माझी नणंद मॅट्रिक झाली होती. तिला अलिबागला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं, आणि मामंजींनी तिच्यासाठी तळा गावचा एक बिजवर पक्का केला होता. त्याची भाताची गिरणी होती, शिवाय मोटरसायकल. "सुधारलेला माणूस आहे," मामंजी म्हणत. मोटरसायकल म्हणजे सुधारणा, असं त्यांचं सरळ गणित. नणंद रात्रंदिवस रडत होती. सासूबाई काही बोलत नव्हत्या, आणि मला त्यांचा भयंकर राग येत होता. साखरपुडा शुक्रवारी ठरला.

आणि बुधवारी रेडिओतली पोरगी मेली.

कोळणीने हंबरडा फोडला, "मेली गो बाय, मेली! त्या मेल्या बिजवरानं खाल्ली तिला!" सासूबाई उठल्या, तडक विहिरीवर गेल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी दोन तांबे डोक्यावर ओतून आल्या. "मला सुतक आलं," म्हणाल्या. "मानलेली का होईना, लग्न झालेली लेक होती. तीन दिवस मी कशाला शिवणार नाही."

मामंजी वाडीतून धावत आले. "अगं, ती खरी नव्हे! मुंबईत बसून कुणीतरी कागद वाचतंय!"

"कागद कोण वाचतंय ते मला माहीत नाही. मला सुतक आहे. सुतकात मी पुरण घालणार नाही आणि पोरीची ओटीही भरणार नाही."

मामंजी ओरडले, समजावून थकले, शेवटी कपाळाला हात लावून बसले. सोवळंओवळं त्यांनीच आयुष्यभर काटेकोर पाळलेलं. घरच्या बाईने सुतक धरलेलं असताना साखरपुडा करायची त्यांची छाती होईना. त्यांनी तळ्याला निरोप धाडला, घरात सुतक आहे.

शुक्रवारी मुलाचे काका भेटायला हजर! पडलेला चेहरा करून ओटीवर बसले. "कोण गेलं?" मामंजी जन्मात खोटं बोलले नव्हते. "मुंबईची... ओळखीतली एक मुलगी," एवढं म्हणाले आणि खांबाकडे बघू लागले. तेवढ्यात कोळीण आली. विचारायचीच खोटी, तिने पदर तोंडाला लावून सगळी हकिगत सांगितली: पोरगी कशी शिकणार होती, बापाने कशी ढकलली, नवऱ्याने कशी छळली. काकांचे डोळे भरून आले. "असल्या नवऱ्याला फासावर द्यायला हवं," ते म्हणाले.

"व्हय तर! त्यो बी बिजवरच व्हता, दादा!" कोळीण म्हणाली.

काका पाणी न पिता उठले. चार दिवसांनी तळ्याहून निरोप आला की योग दिसत नाही. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले, आणि नणंद माझ्या गळ्यात पडून हसली. मामंजींनी आठवडाभर रेडिओला हात लावला नाही. मग एक दिवस पानावरून उठताना म्हणाले, "अलिबागच्या ट्रेनिंगचं काय ते बघून या एकदा."

पुढच्या शनिवारी मी बायकांचा कार्यक्रम लावला आणि गारच पडले. कोहळ्याचे सांडगे सांगणारा आवाज थेट त्या मेलेल्या पोरीचा! सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. मी घाईघाईने बटण फिरवायला गेले.

"असू दे गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दर शनिवारी हीच असते. पहिल्या दिवसापासून ओळखते मी तिला."

"मग ती विहिरीवरची आंघोळ?"

त्यांनी एक खडा वेचून अंगणात भिरकावला. "माझ्या पोरीसाठी मला दुसरं काय करता येत होतं?" म्हणाल्या. "आवाज वाढव जरा, कोहळा किती घ्यायचा ते ऐकू दे."