बुंदीला औषध पाजताना

मी कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि आजवर मला कुणालाही औषध पाजता आलेलं नाही.

गावात मात्र मला अर्धा डॉक्टर समजतात. कंपनीच्या बसमधून उतरलो की कुणीतरी रस्त्यातच गाठतं आणि जीभ काढून दाखवतं. मी गंभीर चेहऱ्यानं जीभ बघतो आणि डॉक्टरकडं जा म्हणतो. (हा सल्ला एकदाही चुकलेला नाही.) त्यामुळं बुंदीनं खाणं सोडलं त्या सकाळी घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, यात नवल नव्हतं.

बुंदी म्हणजे आमचा ससा. पांढरी, अंगावर पिवळट ठिपके, म्हणून माझ्या लेकीनं, सायलीनं, तिला ते नाव दिलं. ती आली माझ्या मेव्हण्याकडून. तो शिरूरला राहतो. त्याच्याकडं आधी दोन ससे होते, मग एकदम पुष्कळ झाले, आणि रांजणगावच्या कारखान्यातली ड्यूटी सांभाळून तो नातेवाइकांत ससे वाटत सुटला. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पाहुणं अजिबात पटलं नव्हतं. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी बुंदीला चारी बाजूंनी निरखलं.

"दूध देतंय का?"

"नाही, आबा."

"लोकर?"

"नाही."

"मग ह्ये करतं काय?"

"बसतं," सायली म्हणाली.

"बसाया मी हाय की घरात," आबा म्हणाले आणि उठून गेले.

पण महिन्याभरातच ते रोज सकाळी बांधावरून कोवळा लसूणघास आणायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "गायीला आणला हुता, मूठभर उरला." आमच्याकडं गाय नाही.

त्या सकाळी तो घास तसाच पडून होता. बुंदी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, कान मागं पडलेले. सायलीनं गाजर पुढं केलं, बुंदीनं तोंड फिरवलं. सायली मोठ्यानं रडत नव्हती, नुसते डोळे पुसत होती, आणि मला ते जास्त लागत होतं. माझी बायको मंगल म्हणाली, "अहो, आज कामावर नका जाऊ. हिला दौंडला न्या."

मी सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, आज सुट्टी पाहिजे. घरात सिरीयस आहे."

"काय झालं? कोण?"

"बुंदी. सकाळपासून काही खात नाही."

"लहान आहे का?"

"लहानच. दीड किलोची असेल."

साहेब हळूच म्हणाले, "अरे बापरे. काचेच्या पेटीत ठेवलीय ना?"

"नाही, भाजीच्या क्रेटमध्ये ठेवलीय."

"क्रेटमध्ये? हातपाय तरी हलवतेय का?"

"हलवते, पण कान पाडून बसलीय."

शेवटी साहेब म्हणाले, "तुम्ही आधी मला बुंदी कोण ते सांगा." मी सांगितलं. सुट्टी मिळाली, पण ती कोणत्या सुरात मिळाली ते इथं लिहीत नाही.

दौंडचे जनावरांचे डॉक्टर म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस. त्यांनी बुंदीला मात्र दोन बोटांनी, फुलासारखं उचललं. पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, एक इंजेक्शन दिलं. मग म्हणाले, "आतडी मंदावलीत. सशाचं पोट थांबून चालत नाही, जीवावर बेततं. हे औषध सकाळ, दुपार, संध्याकाळ द्यायचं. बिनसुईच्या सिरींजनं, तोंडाच्या कडेनं, थेंब थेंब. उताणी धरू नका, छातीत जाईल. जमेल ना?"

"डॉक्टर, मी औषधाच्या कंपनीतच आहे," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघून हसले. तेव्हा मला ते हसू कौतुकाचं वाटलं.

घरी आल्यावर मी आधी मीटिंग घेतली. मंगलनं बुंदीला धरायचं, मी औषध द्यायचं, सायलीनं धीर द्यायचा. (बुंदीला. पुढं तो मलाच द्यावा लागला.) मी सिरींज उजेडात धरून बुडबुडा काढला, अगदी लॅबमध्ये काढतात तसा, आणि बुंदीच्या तोंडाजवळ नेली. तिनं मागच्या दोन पायांनी अशी काही लाथ मारली की सिरींज उलटी फिरली आणि पहिला डोस माझ्या मिशीला बसला. औषध केळ्याच्या चवीचं होतं. बरं होतं.

"तुम्ही चव कशाला घेताय?" मंगल म्हणाली.

"क्वालिटी बघतोय," मी म्हणालो, कारण दुसरं काही सुचलं नाही.

बुंदी तोवर पलंगाखाली. मी पालथा पडून आत शिरलो, ती दुसऱ्या बाजूनं बाहेर. मी बाहेर आलो, तर ती पिठाच्या डब्यामागं. डबा सरकवायला गेलो, तर झाकण पडलं आणि मी पांढरा झालो. आता आम्ही दोघं एका जातीचे दिसत होतो, तरी तिचा माझ्यावर विश्वास बसेना.

इतका वेळ दारात उभे असलेले आबा म्हणाले, "सरा बाजूला. आख्ख्या कळपाला औषिद पाजलंय म्या. मेंढरू गुडघ्यात धरायचं, जबडा वर, की झालं."

त्यांनी धोतर सावरलं, बुंदीला गुडघ्यात धरलं. पण मेंढरू गुडघ्यात मावतं, ससा गुडघ्यातून निसटतो. बुंदी खाली जाण्याऐवजी वर गेली. धोतरात.

आबा जागच्या जागी ताठ झाले.

"आबा, हलू नका," मी म्हणालो.

"मी न्हाई हलत. तीच हलतीया."

"कुठं आहे ती?"

"सांगन्यासारख्या जागी न्हाई."

मंगल तोंडाला पदर लावून सायलीला घेऊन बाहेर गेली. बुंदीला बाहेर काढायला आम्हां बापलेकांना जे करावं लागलं, त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघितलं नाही.

मग मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक बाई सशाला टॉवेलात गुंडाळून आरामात औषध देत होती. मीही गुंडाळलं. घट्ट, नीटनेटकं, पार्सलसारखं. पार्सल मांडीवर घेऊन मी कडेनं सिरींज आत सारली आणि हळूहळू दाबली. बुंदी शांत. मी विजयी चेहऱ्यानं वर पाहिलं.

सायली म्हणाली, "पप्पा, तोंड या बाजूला आहे."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "किती औषध गेलं पोटात?"

"कुणाच्या?" मी विचारलं.

"सशाच्या."

"अजून नाही."

त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, आज पोटात गेलंच पाहिजे. उद्यावर टाकू नका."

फोन ठेवल्यावर कुणी हसलं नाही. बुंदी परत कोपऱ्यात जाऊन बसली होती, आणि आता पळायचंही तिच्या अंगात राहिलं नव्हतं. पळणारी बुंदी परवडली, असं मला वाटलं. मी सिरींज हातात घेऊन नुसता उभा होतो.

आबांनी खुंटीवरची घोंगडी काढली, भिंतीला टेकून बसले, घोंगडी मांडीवर पसरली. बुंदीला उचलून घोंगडीवर ठेवलं, धरलं मात्र नाही. एक हात तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि हलक्या आवाजात बोलायला लागले. "काय झालं गं बाय माझी? दुखतंय व्हय? आसं रुसून चालंल का? घास कुनाला आनू म्या सकाळच्याला?"

मला लहानपणी ताप आला होता, तेव्हाही आबा माझ्याशी असं बोलले नव्हते. (मी आठवून पाहिलं.)

हळूहळू बुंदीचं अंग सैल पडलं. मंगलनं माझ्या हातातली सिरींज काढून घेतली आणि बुंदीच्या तोंडाच्या कडेला टेकवली. एक थेंब. बुंदीनं ओठ हलवले. दुसरा थेंब. मी आनंदानं एक पाऊल पुढं टाकलं. माझी चाहूल लागताच बुंदीनं मागचा पाय धपकन आपटला.

"आरं, तू भाईर जा," आबा म्हणाले.

"मी काही करत नाही, आबा."

"तू दिसतूस. तेवढं बास हाय."

मी दारापुढच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. संध्याकाळचा डोसही मी ओट्यावरूनच दिला, म्हणजे आत आबा आणि मंगल देत होते आणि मी ओट्यावर होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची हाक आली. "आरं, या की समदी हिकडं." आम्ही धावलो. कोपऱ्यात चार-पाच काळ्या लेंड्या पडल्या होत्या. आबांनी एक उचलून उजेडात धरली, बोटांत दाबून बघितली आणि म्हणाले, "झ्याक." मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. सायली टाळ्या वाजवत होती. मी त्या लेंड्यांचा फोटो काढून मेव्हण्याला पाठवला, आणि त्यानं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दुपारपर्यंत तिकडून अभिनंदनाचे फोन येत होते. बुंदी मात्र कुणाकडंही लक्ष न देता घास खात होती.

पुढं तिला तपासायला आम्ही सगळे दौंडला गेलो. डॉक्टरांनी पोट चाचपलं, खूश झाले.

"छान पाजलंय औषध. कुणी पाजलं?"

"आबा आणि मम्मीनी," सायली म्हणाली.

"आणि पप्पा?"

"पप्पा ओट्यावर उभे राहायचे. त्यानंच गुण आला."

डॉक्टरांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. "मग तेवढं चालू ठेवा," ते म्हणाले.