वाकडी पिल्लं

सोमवार, जुलै १९७६. मत्स्यबीज केंद्र, दौंड. हजर: मी, पुण्याचे संशोधक आणि रखवालदार मामा.

मामा शिरूरकडचे. बोलण्याआधी घसा खाकरतात आणि माशाच्या मादीला 'बाई' म्हणतात. हंगामातल्या पहिल्या मादीची अंडी केंद्रप्रमुख साहेबांच्याच हातानं काढायची, हा त्यांचा नेम. काल रोहूची मादी सकाळीच अंडी द्यायला तयार झाली, पण साहेबांची गाडी लेट.

मी म्हटलं, "मामा, उरका. अंडी मासा देतोय, साहेब नाही."

"मान असतो त्यांचा," म्हणाले आणि दुपारपर्यंत थांबले.

आज पिल्लं बाहेर आली, ती सगळी शेपटीत वाकडी. संशोधकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "अंडी पोटातच शिळी झाली. गुणसूत्रांचे दोन संच हवेत, तिथं तीन झालेत. यातलं एकही जगणार नाही, टाकून द्या."

मामांनी घसा खाकरला. "म्हंजी, मान दिला म्हून?"

शिरूरच्या तळ्यासाठीचं सगळं बीज पाण्यात बांधलेल्या त्या एका कापडी हाप्यात होतं. मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरले. त्यांनी हाप्याचं एक टोक सोडलं आणि परत बांधलं.

"हलत्यात अजून, ताई."

संध्याकाळ झाली. हापा रिकामा करायचा राहिला आहे.