सव्वासातचा तिसरा फोन

नवी वही आणली की तनुजा आधी शेवटचं पान उघडून बघायची, तिथपर्यंत रेघा सरळ आहेत का म्हणून. आता सव्वीस वर्षांची झाली, तरी माझ्या मुलीचा स्वभाव तोच आहे. ती इथल्याच एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. दवाखान्यांतले, ऑफिसांतले संगणक जोडणाऱ्या पेट्या पूर्वी ती गावोगाव जाऊन, केबल लावून, एकेक सेटिंग हाताने भरून चालू करायची. वैजापूरहून तिची स्कूटी परत येईपर्यंत मी मुकुंदवाडीच्या आमच्या घराच्या दारातच उभी असायची.

मग नवी पद्धत आली. पेटीला वीज दिली की ती स्वतःच ऑफिसातल्या सर्व्हरला आपला नंबर सांगते आणि सेटिंग मागते. मिळेपर्यंत मागत राहते, एकदा मिळाली की थांबते. तिचं गावोगाव जाणं संपलं म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

वैजापूरच्या एका दवाखान्याची पेटी बुधवारी चालू करायची होती. एकट्या तनुजावर सोपवलेलं हे पहिलंच काम. तिथल्या फकिरा नावाच्या कंत्राटी शिपायाने ती मंगळवारी रात्री आठलाच चालू केली. सर्व्हरवर पेटीची खरी सेटिंग अजून चढवलेली नव्हती, चाचणीची फाइल मात्र होती. पेटीने तीच घेतली. सकाळी एकही संगणक जोडला जाईना. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग रस्त्यापर्यंत गेली. तनुजा जुनी केबल घेऊन धावली, तरी काम सुरू व्हायला दुपारचे दोन वाजले.

संध्याकाळी फकिराचा फोन आला, तनुजाने तो स्पीकरवर घेतला.

"मॅडम, आज आमुशा हाय. म्हणून कालच नारळ फोडला अन् बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, मी गेलो घरी. आता साहेब म्हणत्यात, उद्यापासून येऊ नको."

"दिवा हिरवाच लागणार होता, काका. तुमचं नाही चुकलं."

"नारळ बी लई गोड निघाला व्हता," तो म्हणाला.

त्याच रात्री तिने खुलासा लिहून मला तपासायला दिला, माझं बी.ए. मराठीचं म्हणून. 'फकिरा यांची यात चूक नाही. चाचणीची फाइल काढणे माझे काम होते. ती न काढता मी मंगळवारी सव्वासात वाजता ऑफिस सोडले.'

सव्वासातला माझा तिसरा फोन होता. अंधार पडला, निघ आता, बाकीचं सकाळी कर, असं सांगायला.

"का सोडलंस, ते नाही लिहिलंस," मी म्हणाले.

"ते कोणी विचारलेलं नाही. तू फक्त शुद्धलेखन बघ."

मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.

फकिरा कामावर राहिला. तनुजाला सहा महिने स्वतंत्र काम मिळणार नाही.

आज ती साडेनऊला आली. सातपासून फोन माझ्या हातात होता, पण लावला नाही. दोघींची ताटं वाढली तेव्हा तिने विचारलं, "आज फोन नाही केलास?"

"त्या मंगळवारीही करायला नको होता."

तिने भाकरी मोडली. मग म्हणाली, "फाइल मी ठेवली होती, आई. तू जेव."

मी जेवले. आता ती झोपली आहे, आणि मला झोप नाही.