गंज नसलेला वस्तरा

आता काय लपवायचं तुमच्यापासून? एका साध्या मराठी शब्दापायी लखनौत माझी जी फजिती झाली, ती आमच्या घरात अजून चघळली जाते.

माझे सासरे फौजेतून निवृत्त होऊन इथंच विकास नगरात राहिलेले. दाढी करणार ती वस्तऱ्यानंच. त्यांचा जुना वस्तरा तुटला आणि आम्हा दोन्ही जावयांना वाढदिवसाची भेट सुचली. मी थोरला, साताऱ्याहून बदलून आलेला बँकवाला. धाकटा निखिल इथंच वाढलेला. त्याला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत. सासऱ्यांचा लाडका तोच, म्हणून यंदा बाजी मारायचीच असं मी ठरवलं आणि व्हिडिओ पाहून तयारीला लागलो.

जुने वस्तरे दुरुस्त करून विकणारा एकजण अलीगंजात आहे. आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. रस्ताभर मी निखिलला शिकवत होतो. चकाकीला भुलायचं नाही. पातं उजेडात तिरकं धरायचं. धारेपाशी बारीक खड्डे दिसले की समजायचं, वरून पॉलिश, आत गंज!

दुकानदारानं पहिलाच वस्तरा काढला. काळपट पातं, शिंगाची मूठ. कौतुकानं म्हणाला, "ये ख़ास गंज का है, साहब."

मी चाट पडलो. इतका प्रामाणिक दुकानदार? विचारलं, "पूरा गंज का?"

"सौ फ़ीसदी. गंज का माल अब मिलता कहाँ है."

मी तो हातसुद्धा न लावता बाजूला सारला. दुसरा अगदी चकचकीत होता. "इसमें गंज?"

"नहीं साहब, ये तो चिनहट का है," तो जरा ओशाळून म्हणाला.

माणूस एवढं खरं बोलतोय म्हटल्यावर तपासायचं कशाला? मी तोच घेतला. निखिलनं काळपट उचलला. मला त्याची कीव आली, पण मी पैसे चुकते करून स्कूटरकडे वळलो.

वाढदिवसाला सासऱ्यांनी माझा वस्तरा खिडकीशी नेऊन तिरका धरला. म्हणाले, "जावईबापू, धारेला खड्डे आहेत. गंजलाय हा." मग निखिलच्या वस्तऱ्यानं दाढी केली आणि खूश होऊन गालावरून हात फिरवत बसले.

मला राहवेना. "अहो, गंज त्याच्या वस्तऱ्याला आहे! दुकानदारानं स्वतः सांगितलंय."

निखिल शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, गंज मतलब हज़रतगंज, अपने लखनऊ का पुराना इलाक़ा. वहाँ के किसी रईस की पुरानी कोठी का है."

वस्तऱ्याची धार कुठली आणि पाठ कुठली, हे निखिलला आजही सांगता येत नाही. त्याला फक्त हिंदी येतं.